टेबलावरचा कोट

आमच्या गावच्या बायका भारी सभ्य. चर्चमधून बाहेर पडताना 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत दारातच ताटकळतील. पण चर्चच्या हॉलात जुन्या कपड्या-भांड्यांचा जंबल सेल लागला, की दोन वाजता दार उघडताच त्याच बायका कोपरं मारत आत घुसतात. याला आम्ही 'फ्री-फॉर-ऑल' म्हणतो आणि वर कौतुकानं हसतो. म्हणजे हाती लागेल ते आपलं, मध्ये येईल त्याला तुडवा. मला किळस येते.

यंदा कपड्यांच्या टेबलावर मी आणि ईनिड होतो. तिचा नवरा सिरिल फेब्रुवारीत गेला. तेव्हापासून ती त्याचाच तपकिरी कोट घालून हिंडायची. "अजून त्याच्या तंबाखूचा वास येतो गं," म्हणायची.

रेटारेटीत एक म्हातारी पडली. तिला उचलताना लांब बाह्यांची अडचण नको म्हणून ईनिडनं कोट काढून टेबलावर टाकला. जंबलला आपली वस्तू टेबलावर ठेवू नये, हे शेंबड्या पोरालाही कळतं. घाईत ती विसरली.

म्हातारीला खुर्चीत बसवून ती वळली, तर कोट गायब.

दाराशी मॉरीन ट्रँटर तो पिशवीत कोंबत होती. सिरिलच्या मयताला ईनिडच्या शेजारी बसून रडलेली हीच ती बाई.

"मॉरीन, अगं, तो माझ्या सिरिलचा आहे."

"टेबलावरचं ते जंबलचं, बाई! पैसे मोजलेत मी."

"कुणाला दिलेस?"

मॉरीननं माझ्याकडे बोट दाखवलं.

नाणं माझ्या मुठीतच होतं. काय विकतेय ते न बघताच मी ते घेतलं होतं. माझं सगळं लक्ष टेबलाखाली स्वतःसाठी दडवलेल्या निळ्या किटलीवर. बोलाचाली वाढली असती तर किटलीही बाहेर निघाली असती.

"विकला गेलाय खरा," मी म्हणाले. ईनिड पुन्हा कपड्यांच्या घड्या घालू लागली.

रविवारी चर्चमध्ये तो कोट आमच्या पुढच्याच बाकावर होता, मॉरीनच्या नवऱ्याच्या अंगात. कॉलर मागे दुमडलेली. ईनिडनं हात पुढे केला, कॉलर सरळ केली आणि हलकेच थोपटली. सिरिलची दर रविवारी करायची, अगदी तशी.

तो वळून म्हणाला, "थँक्यू हं."

मॉरीन आणखी मोठ्यानं भजन म्हणू लागली. मीही.