डेगेत उतरलेला माणूस

दसरा होऊन आठवडा झाला होता आणि भांडुपच्या टेकडीवरची माती अशी आवळली होती की कुदळ मारावी तर कुदळच मागे उडी घेई. तांबडी, खडीची, नखात शिरली की अंघोळीलाही न जुमानणारी माती. चाळीमागच्या उतारावर दगड रचून आम्ही तिघांनी तिथे पाच वाफे केलेत. लाल माठ, मुळा, थोडी मेथी, कडेला पडवळाचा मांडव. तिघे म्हणजे मी तावडे, मार्तंड आणि चंद्रप्रकाश परब. तिघेही फौजेतून पेन्शनीवर आलेले, तिघांचेही गुडघे कुरकुरणारे. कामाची वाटणी पहिल्या दिवसापासून ठरलेली आहे. मी आणि मार्तंड खणतो. चंद्रप्रकाश दगडावर बसून "जरा डावीकडे" म्हणतो.

त्या सकाळी मात्र तो डावं-उजवं काहीच म्हणेना. घरी बायकोशी वाजलं होतं. रत्नप्रभा वयनीची धाकटी बहीण अनुपमा देवगडकडे गावी एकटीच असते. पडवीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन होऊन घरी आली, पण महिनाभर तिला उठवायला-बसवायला माणूस हवं. वयनीनं माळ्यावरून बॅग काढली. चंद्रप्रकाशनं ती पुन्हा माळ्यावर टाकली.

"तिचा बरोबर हा रे," तो मला म्हणाला, "पण माझा काय? माका साधी चाय करूक येत नाय. फौजेत सगळा हातात मिळायचा. सवयच नाय."

"निलेशकडे जा ना मुलुंडला. लेक-सून आहेत."

"सुनेची चाय पाणचट."

हे 'येत नाय' मी चाळीस वर्षं ऐकत आलोय. कप उचलायचा म्हटलं तरी हा वयनीला हाक मारणार. फौजेत तो नक्की काय करत होता, हे चाळीत कोणालाच ठाऊक नाही. विचारलं की मुलुंडच्या दिशेला बोट करून म्हणायचा, "थंय. बर्फात."

मार्तंडनं कुदळ टेकली नि विडी काढली. "बर्फाचं सोड यार. मला पहिले तीन महिने कुठली ड्युटी होती माहितीये? संडास! शंभर रंगरूटांचे संडास. उस्ताद म्हणायचा, फरशीत तोंड दिसलं पाहिजे. अन् खरंच दिसायचं रे, पण त्या फरशीत तोंड बघायची इच्छा कोणाला? आईला पत्रात लिहिलं, मला फार महत्त्वाच्या जागी नेमलंय."

"खोटं काय त्यात? महत्त्वाचीच जागा," मी म्हटलं. "माझं ऐक. जनरल साहेब येणार होते. दगडांना गेरू-चुना लावून झाला, गवत कात्रीनं कापून झालं. उस्तादनं विचारलं, कोकणातला कोण आहे? मी छाती काढून पुढे. वाटलं, पोहायच्या टीममध्ये घेतात. चढवलं आंब्यावर! साहेबांच्या पुढ्यात एकही पिवळं पान पडता कामा नये, सगळी खुडून खिशात भर. साहेब आले, गेले, जेवले. मला उतरायचा हुकूम द्यायला सगळे विसरले. तीन तास देशासाठी आंब्यावर बसून होतो. मुंग्यांसकट."

मार्तंडला हसता हसता ठसका लागला. मी चोरून चंद्रप्रकाशकडे पाहिलं. त्याची चुळबुळ सुरू झाली होती. माणसाला सगळं सोसतं, पण गप्पांत तिसरा नंबर सोसत नाही.

"ह्या काय!" तो शेवटी फुटलाच. "झाडार बसणा म्हणजे काम? माका लंगरात टाकलेलो. लंगरात! तीनशे माणसांचा जेवण. पहाटे पीठ मळूक घेतला की खांदे भरान यायचे."

नेमकं तेव्हाच पडवळाच्या मांडवाआड मला हिरव्या लुगड्याचा काठ दिसला. काठाच्या वर किटली. वयनी रोज नऊला चहा आणते, आजही आणला होता. पण ती पुढे येईना. कधीपासून कोण जाणे, जागच्या जागी खिळली होती.

आता माझ्यापुढे दोन वाटा होत्या. खाकरून मित्राला सावध करायचं, किंवा पुढचा प्रश्न विचारायचा. माझा स्वभाव काही चांगला नाही. मी प्रश्न विचारला.

"पीठ मळलं असशील. पण चपात्या काही लाटल्या नसशील तू."

"लाटूक नाय? गोल! ताटली ठेवन बघ, कड भायर जावची नाय!"

"बरं. भांडी तर दुसरे घासत असतील?"

"दुसरे कोण, तुजो बापूस? डाळीची डेग असायची, माझ्या छातीइतकी. घासूक आत उतरूचा लागायचा. बनियनवर आत, राख नि काथ्यो घेवन. वाकलंय की भायरून फक्त माझी टोपी दिसायची."

"डाळ करपत असेल मग."

"माझी डाळ?" तो दगडावरून उठूनच उभा राहिला. "सुभेदार साहेबान थाळी बोटान पुसून खाल्ल्यान! म्हणाले, परब, तुझ्या हाताला आईची चव आहे!"

"हो काय?" वयनी मांडवातून पुढे आली.

चंद्रप्रकाश खाली बसला. दगड होता तिथे नव्हे, शेजारच्या मेथीत.

तिनं तीन कप मांडले, शांतपणे ओतले. नवऱ्याच्या हातात कप देत म्हणाली, "घेवा. आजची मी केलंय."

"अगो, तां जुना झाला. हात इसारलो आता."

"सुभेदार काय म्हणालो तां ध्यानात हा. डाळ तेवढी इसारल्यात?"

"तसा नाय गो..." तो घाईघाईनं आधार शोधू लागला, आणि जो सापडला तो खरा होता असं मला आजही वाटतं. "एकट्याचा माप माका येना नाय! पन्नासाच्या खाली मी कधी रांधलंयच नाय!"

"मग पन्नासांचा रांधा. चाळीत तोंडां काय कमी हत?" मग तिचा आवाज एकदम खाली आला. "आये गेली तेव्हा दोन रातींत परत इलंय मी. दिवसांक पण रवाक नाय. तुमचो डबो चुकात म्हणान."

मार्तंड विझलेली विडी ओढत राहिला.

"भावजी, तुमी ऐकल्यात मा सगळा?"

"ऐकलं वयनी."

"साक्षीक रवा." किटली उचलून ती चढण चढून गेली.

दुसऱ्या दिवशी माळ्यावरची बॅग चंद्रप्रकाशनंच उतरवली. एसटीत बसवून आला आणि दारात पोचताच कोयता मागत फिरला, पडवळ कापायला. पहिल्या दुपारी त्यानं रांधलेला भात आमच्या मजल्यावर सहा घरांत गेला. डाळ खरंच चांगली होती, हे कबूल करायला मला दोन दिवस लागले. माझीही सुटका झाली नाही म्हणा. शुभाला, म्हणजे माझ्या बायकोला, वयनीनं जाता जाता सगळं सांगितलं होतं. "आंब्यावर तीन तास बसला होतात म्हणे," शुभा म्हणाली, "मग स्टुलावर चढा आणि पंखे पुसा." मार्तंडच्या घरी काय पुसायला लावलं, ते तो सांगत नाही.

महिना भरत आला तशी चंद्रप्रकाशनं दारापुढची फरशी धुतली, देवघरातली भांडी लख्ख केली, कोळिणीकडे सुरमई सांगून ठेवली. वयनी शनिवारी यायची होती. शुक्रवारी दुपारी तिचा फोन आला तेव्हा मी तिथेच कांदे सोलत बसलो होतो. तो नुसता "हां, हां, बरा" म्हणत राहिला. मग फोन ठेवला आणि खिडकीतून टेकडीखाली बघत बसला.

"काय झालं? अनुपमाला बरं नाही का?"

"चालता ती आता. काठी पण सोडल्यान."

"मग?"

"रत्नप्रभा आणखी पंधरा दिवस रवतली म्हणता."

"कशाला?"

"मी पण तांच इचारलंय." त्यानं माझ्यापुढची सालं गोळा केली. "म्हणाली, काय कारण नाय. हय बरा वाटता."

मी कांदा खाली ठेवला. "मग तू काय म्हणालास?"

"काय म्हणतलंय? सुट्टी हा तिची. मंजूर केलंय," असं म्हणून त्यानं तांदूळ धुवायला घेतले.