चोवीस पोर्टांचा साक्षीदार

मी एक जुना स्विच आहे, मित्रांनो. दिवा लावायचा नव्हे. त्याच्याशी माझं दूरचंही नातं नाही. मी नेटवर्कचा स्विच. केबल जोडायचे चोवीस पोर्ट, अंगात एक पंखा आणि पोटात चांगली स्मरणशक्ती, एवढाच माझा संसार. माझ्यावर एका माणसाने खोटा आळ घेतला होता. त्याचा सूड कसा उगवला गेला, ते सांगतो.

कारखान्यातून निघालो तो मी थेट औषधांच्या एका मोठ्या गोदामात आलो. कोणत्या इस्पितळाला कोणतं औषध पाठवायचं, याचा प्रत्येक निरोप माझ्यातून जायचा. नऊ वर्षं मी एक दिवसही रजा घेतली नाही. तिथली तंत्रज्ञ बाई दर शनिवारी ब्रशने माझी धूळ झाडायची आणि पाठीवर थाप मारून म्हणायची, “शाब्बास रे गड्या!”

मग तो सोमवार उजाडला. विभागाच्या साहेबांना कसलीशी घाई होती. त्यांनी स्वतःच्या नावाने लॉगिन करून माझ्या दोन पोर्टांवरचं संरक्षण बंद केलं आणि एकाच केबलची दोन्ही टोकं त्याच दोन पोर्टांत खुपसली. झालं! निरोप बाहेर पडेनात. आतल्या आत गरगर फिरत एकमेकांवर आदळू लागले. अर्धा दिवस गोदाम ठप्प. साहेबांनी गुपचूप ती केबल उपटली, माझी वीज तोडली आणि संचालकांना सांगितलं, “स्विच मेलाय. बदलून घे म्हणून हिच्या किती मागे लागलो होतो मी!”

धडधडीत खोटं! पण मला तोंड नाही आणि तंत्रज्ञ बाईजवळ पुरावा नव्हता. तिची बढती अडली. लोकांचे विसरलेले पासवर्ड बदलून देण्याच्या टेबलावर तिला बसवलं. माझी रवानगी भंगारात झाली.

दोन दिवसांनी ती भंगाराच्या खोलीत आली. “काका, हा मी घरी नेऊ? अभ्यासाला होईल.”

“ने बाई,” भांडारवाले काका म्हणाले. “पण मेलेला आहे म्हणे.”

“ते बघू.”

स्वयंपाकघरात, खिडकी आणि वॉशिंग मशीन यांच्या मधल्या टेबलावर तिने मला वीज दिली. माझे चोवीसच्या चोवीस दिवे लखलखले. ती हसली, पण ते हसू काही साधं नव्हतं.

नेटवर्किंगमधली सगळ्यात अवघड परीक्षा द्यायचं तिने ठरवलं होतं. सलग आठ तासांचं प्रात्यक्षिक! नोकरी सोडणं शक्य नव्हतं. पहाटे पाच ते सात ती माझ्यासमोर बसायची. जेवणाच्या सुटीत जिन्यात बसून पुस्तक वाचायची. संध्याकाळी इस्त्री करताना कानात व्याख्यानं चालू असायची. एकदा त्या नादात सासऱ्यांचा शर्ट करपला. शर्ट उजेडात धरून ते म्हणाले, “सूनबाई, हे कुठलं नेटवर्क काढलंस?”

इकडे साहेबांनी तिला सलग चार रविवार कामावर बोलावलं. व्हायचं तेच झालं. निकाल लागला त्या संध्याकाळी ती कामावरून आली आणि पर्सही न ठेवता माझ्यासमोर बसून राहिली.

“एका आकड्याने गेली, बाबा. एकाच्या जागी सात लिहिला. आणि साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, परीक्षा म्हणजे पासवर्ड बदलणं नव्हे. सगळे हसले.”

सासरे छापखान्यातले निवृत्त मुद्रितशोधक. त्यांनी चष्मा पुसला. “आकडे धरायला मी आहे ना! चाळीस वर्षं दुसरं काय केलं?”

दुसऱ्या दिवसापासून पहाटे दोन खुर्च्या मांडल्या जाऊ लागल्या. त्यांना अर्थ एका ओळीचा कळत नसे, पण चूक एक सुटत नसे.

मग एके दिवशी जुन्या नोंदी वाचण्याचा धडा आला. तिने माझ्याच पोटातल्या नोंदी उघडल्या. सासऱ्यांची लाल पेन्सिल एका ओळीवर थबकली. “सूनबाई, बाकी सगळीकडे तुझं नाव आहे. ही ओळ कुणाची?”

साहेबांचं नाव. तो सोमवार. ती वेळ. संरक्षण बंद केलेल्या दोन्ही पोर्टांचे क्रमांक.

माझा पंखा घरघरत होता. चल, आत्ताच्या आत्ता चल, असं मला ओरडायचं होतं. ती मात्र हळूच म्हणाली, “आत्ता नाही, बाबा. नापास झालेली बाई दुसऱ्यावर खापर फोडतेय, म्हणतील. आधी पास होते. मग त्यांना सोडणार नाही.”

“सोडूही नकोस,” सासरे म्हणाले.

पाच महिन्यांनी ती पास झाली. त्याच आठवड्यात मला पिशवीत घालून तिने संचालकांसमोर बैठकीच्या टेबलावर आणून ठेवलं.

“हे भंगार इथे कशाला?” साहेब खेकसले.

तिने माझी वायर लॅपटॉपला जोडली आणि त्याचा पडदा साहेबांकडे वळवला. “सर, ही ओळ जरा मोठ्याने वाचा.”

साहेबांनी स्वतःचं नाव वाचलं. “कुणीतरी... माझा पासवर्ड वापरला असेल.”

“त्या वेळी खोलीचं दार तुमच्याच कार्डाने उघडलं होतं. पहारेकऱ्यांकडची नोंद ही घ्या.”

संचालकांनी तो कागद पडद्याशेजारी धरला, दोन्हीकडची वेळ ताडून पाहिली आणि साहेबांकडे नुसतं पाहिलं. ती नजर मी अजून चवीने आठवतो.

साहेबांची जागा तिला मिळाली. साहेब पासवर्डच्या टेबलावर गेले आणि त्यांना नेटवर्किंगची अगदी पहिली परीक्षा द्यायचा हुकूम झाला. सरावासाठी गोदामात एकच स्विच मोकळा होता. मी!

आता रोज दुपारी ते माझ्यासमोर बसतात, पुटपुटत आज्ञा टाइप करतात आणि चुकतात. मी मुद्दाम काही करत नाही. खोटेपणा माझ्या जातीत नाही. चूक झाली की ‘आज्ञा चुकीची’ एवढंच दाखवतो. पुन्हा पुन्हा दाखवतो. कधी कधी ती जवळून जाते, त्यांना बरोबर आज्ञा सांगते आणि पुढे होते. तिचं मन मोठं आहे.

मित्रांनो, आपल्या चुकीचं खापर मुक्या वस्तूवर फोडू नका, आणि पोटासाठी राबून वर अभ्यास करणाऱ्या माणसाला हसू नका. जुन्या यंत्रांची धूळ अधूनमधून पुसत जा. साहेबांना माफ कर, असं मात्र मला सांगायला येऊ नका.