सव्वा हात

शनिवारी पहाटे मैदानावर फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारायच्या, हा मावशींचा नेम. बारा वर्षांत एकदाही चुकला नव्हता. कॉलेजात सगळ्यांच्याच त्या मावशी. आई म्हणणारी एकटीच, आणि ती यंदा मुलींच्या फुटबॉल संघाची गोलरक्षक होती.

संघाचं यंदाचं नशीब फाटकं. नऊ सामन्यांत पाच हारी. दहावा आणि शेवटचा घरच्या मैदानावर. हरले तर खालच्या गटात रवानगी, बरोबरी झाली तर तगणार. पाचांतल्या तीन हारी घरच्याच मैदानावर, त्याही पेनल्टीवर. तेव्हापासून लेकीचं नाव 'चाळण' पडलं होतं, जसं संघाच्या पेनल्टी मारणाऱ्या मुलीचं 'तोफ'. शेवटच्या सामन्यात तिच्याऐवजी राखीव मुलगी उभी करायची, असं संघाच्या सरांनी जवळजवळ ठरवलंच होतं.

"बाहेरच्या मैदानावर बॉल येताना दिसतो गं," सोमवारी जेवताना लेक म्हणाली. "इथे दिसेपर्यंत अंगावर आलेला असतो."

मावशींच्या हातातला घास हातातच राहिला.

बाकीच्या रेघा जुन्या खुणांवरून निघत. पेनल्टीचा ठिपका मात्र पायांखाली पुसला जाई, म्हणून तो दर आठवड्याला दोरीने मोजायचा. गोलरेषेवर खुंटी, तिथून अकरा मीटरची दोरी, टोकाला ठिपका. हंगामाच्या सुरुवातीला ती दोरी मधेच तुटली होती. कुजलेला भाग कापून मावशींनी घट्ट गाठ मारली, नि कामाला लागल्या. गेलेला तुकडा किती होता, हे मनात आलंच नाही. नवी दोरी मागायचा त्यांना संकोच. आहे त्यात भागवायची जन्माची सवय.

मंगळवारी उजाडताच त्यांनी टेप लावली. ठिपका सव्वा हात जवळ होता. दोन्ही गोलांसमोर.

सर सगळं ऐकून घेईपर्यंत शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिले.

"मावशी, लेकीला वाचवायला दोरी बरी सापडली तुम्हाला."

"तिला बाहेर बसवा हवं तर. ते तुमचं काम. ठिपका मी हलवणार."

"आपली तोफ त्याच ठिपक्यावरून मारते. घरच्या मैदानावर एक पेनल्टी चुकली नाही तिची. शेवटच्या सामन्याच्या तोंडावर हे कशाला? नंतर हलवा की."

"चूक कळल्यावर शनिवारी परत तीच आखू? नाही जमणार सर."

त्यांचा आवाज वर गेला नाही. फावडं मात्र त्यांनी आधीच बरोबर आणलं होतं. दोन्ही जुने ठिपके मातीसकट खरवडून काढले, नवी माती दाबली आणि टेपने मोजून नवे आखले. मग सरांनी तोफेला आणि चाळणीला हाक मारली. "दहा मार. बघू."

दहांतल्या चार चाळणीने अडवल्या. एक तोफेने बाहेर घालवली आणि ती ठिपक्याकडे असं बघू लागली, जणू त्यानेच पाय ओढला.

"चाळणच उभी राहील," सर म्हणाले. "आणि तोफ रोज पन्नास मारेल."

शनिवारी सामना अटीतटीचा झाला. उत्तरार्धात आपल्याला पेनल्टी मिळाली. तोफेचा बॉल खांबाला लागून परतला. सरांनी वळून मावशींकडे पाहिलं. मावशींनी नजर चोरली नाही. फक्कीची बादली मात्र दोन्ही हातांनी धरून ठेवली.

शेवटच्या पाच मिनिटांत पेनल्टी समोरच्यांना मिळाली. त्यांच्या मुलीने नव्या ठिपक्यावर बॉल ठेवला. लेक गोलरेषेवर उभी राहिली. तिने आईकडे पाहिलं नाही, आणि मावशींना ते बरं वाटलं. बॉल डावीकडे खाली आला. लेकीने आधी उडी घेतली नाही. तिने तो येताना पाहिला, मग झेपावली. बोटांना लागून बॉल खांबाबाहेर गेला.

शून्य-शून्य. संघ तगला.

"चाळणे, तुला आज तळ कुठून आला गं?" तोफेने तिच्या पाठीत धपका घातला.

घरी जाताना मावशी म्हणाल्या, "ते तीन सामने माझ्यामुळे गेले."

"एखादा तरी माझ्यामुळे गेला असेल, आई. सगळेच तू घेऊ नकोस."

मावशी हसल्या, पण थोड्याच. "सोमवारी मी संघासमोर सांगणार आहे. सगळ्यांना."

"मी येते बरोबर."

"तू तुझ्या जागेवर बस. माझं मी सांगेन."