एका धंद्याला एक खुर्ची

ब्रशच्या कारखान्यातल्या दोघा भावांना सगळा बाजार थोरले आणि धाकटे म्हणूनच ओळखायचा. थोरले बोलायचे आणि धाकटे ब्रश करायचे. थोरल्यांनी बाहेरून काम आणायचं, धाकट्यांनी ते नीट करून वेळेत द्यायचं, ही वाटणी कुणी बसून केलेली नव्हती. दोघांच्या स्वभावांनीच ती करून टाकली होती. तीस वर्षं ती सुरळीत चालली. मग थोरल्यांना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, समज शाबूत राहिली, पायही हळूहळू उचलू लागला. पण उजवा हात गेला आणि वाचा गेली. तोंडातून फक्त एक ‘हं’ निघायचं. ते कधी होकाराचं असायचं, कधी नकाराचं, कधी नुसतंच.

त्यामुळे वयाच्या बावन्नाव्या वर्षी धाकट्यांवर बोलायची पाळी आली.

शहरातल्या लहान कारखानदारांची आणि दुकानदारांची एक सभा होती. ती एक मंगळवार सोडून दुसऱ्या मंगळवारी, सकाळी आठला, वाचनालयाच्या वरच्या दालनात भरायची. चहा व्हायचा, ओळखीपाळखी व्हायच्या, मग प्रत्येकाला एक मिनिट बोलायला मिळायचं आणि मिनिट संपलं की टेबलावरची घंटी वाजायची. नियम असा की एका धंद्याला एकच खुर्ची. चष्मेवाला एक, रबरवाला एक, ब्रशवाला एक. पण ती खुर्ची नुसती बसून टिकत नसे. प्रत्येकाने दुसऱ्या सभासदासाठी अधूनमधून एखादी ओळख आणायची, म्हणजे आपल्या माहितीतलं गिऱ्हाईक त्याच्याकडे पाठवायचं. कारखान्याचं निम्मं काम या खुर्चीतून येत असे, आणि लाकडी ठोकळ्यांत तंतूंचे झुबके ओवणाऱ्या चार बायकांपैकी दोघींची चूल त्या निम्म्या कामावर पेटत असे.

थोरल्यांच्या आजारपणात चार सभा बुडाल्या. दादा आराम करतोय, एवढंच धाकट्यांनी सभेला कळवलं होतं. सभेच्या सचिव म्हणजे चष्म्यांच्या दुकानाच्या मालकीणबाई. बाई नियमाच्या पक्क्या, पण मनाच्या मऊ. त्यांनी निरोप पाठवला की बाहेरून तयार ब्रश आणून विकणाऱ्या एका एजंटाने या खुर्चीसाठी अर्ज केला आहे. येत्या दोन सभांत तुमच्याकडून एक तरी ओळख आली तर खुर्ची तुमचीच, नाहीतर माझाही नाइलाज आहे.

पुतणीने काकांसाठी एका मिनिटाचं भाषण लिहून दिलं आणि त्यांच्या नावाची, त्यांच्या फोन नंबराची चाळीस कार्डं छापून आणली. धाकट्यांनी भाषण आठ दिवस ब्रश करता करता पाठ केलं. धाकट्यांकडे कोट नव्हता, म्हणून वहिनींनी थोरल्यांचा कोट झटकून दिला. तो खांद्यांत जरा मोठा होत होता, पण वहिनी म्हणाल्या, माणूस मोठा दिसला तर बिघडतं कुठे.

त्या मंगळवारी पाहुण्यांनाही आमंत्रण होतं, दालनात साठ माणसं होती. धाकटे उभे राहिले, पहिलं वाक्य धडपणे म्हणाले, आणि दुसऱ्याच्या जागी चौथं आलं. चौथ्यानंतर काय येतं ते त्यांना काही केल्या आठवेना. घंटी वाजायच्या आधीच ते खाली बसले. मग निदान कार्डं तरी वाटावीत म्हणून ते टेबलाटेबलावर फिरले, लग्नात पानसुपारी फिरवावी तसे. कुणी काही विचारायच्या आत कार्ड हातात ठेवून पुढच्याकडे वळायचे. जिना उतरताना त्यांना बरं वाटलं. बोलणं नाही जमलं, पण वाटप चोख झालं.

घरी येऊन त्यांनी कपडे बदलले तेव्हा विजारीच्या खिशातून चाळीसच्या चाळीस कार्डं निघाली. वाटली होती ती कोटाच्या आतल्या खिशातली, थोरल्यांच्या नावाची आणि थोरल्यांच्या फोनची. कारखान्याचं नाव दोन्हींवर तेच, चष्मा घरी विसरलेला, कळणार कसं? चूक कळवावी म्हटलं तर कळवायची कुणाला? देण्याच्या घाईत त्यांनी दुसऱ्याचं एकही कार्ड घेतलं नव्हतं.

“काका, तुम्ही मुक्या माणसाचा नंबर गावभर वाटून आलात,” पुतणी म्हणाली आणि हसू दाबायला आत पळाली.

धाकटे थोरल्यांच्या खोलीत गेले आणि उशाजवळचा फोन उचलू लागले. थोरल्यांनी डाव्या हाताने तो छातीशी धरला आणि सोडेनात. धाकट्यांनी समजावलं की लोक फोन करतील, दादा, तू काय बोलणार? थोरल्यांनी मान हलवली आणि फोन आणखी घट्ट धरला. वहिनी दारातून म्हणाल्या, “असू दे भावोजी. दोन महिन्यांत त्यांनी कशावर हक्क सांगितलेला नाही.”

गुरुवारी दुपारी फोन वाजला. धाकटे कारखान्यातून धावत वर आले, तोवर थोरल्यांनी तो घेऊन आवाज मोठा करून पांघरुणावर ठेवलाही होता. पुठ्ठ्याची खोकी करणाऱ्या एक ताई बोलत होत्या. परवा पाहुण्या म्हणून आल्या होत्या. त्यांच्या यंत्राच्या रोलरवर खळ साचायची, खोक्यांवर गाठी उमटायच्या, माल परत यायचा. धाकट्यांनी तोंड उघडलं, आमच्याकडे अमुक ब्रश आहे असं म्हणण्यासाठी. थोरल्यांनी डावा पंजा वर केला. धाकट्यांनी तोंड मिटलं.

“हं,” थोरले म्हणाले.

तेवढ्यावर ताई पुढे बोलू लागल्या. यंत्र कधी घेतलं, कोणत्या कामगाराने काय सुचवलं, गिऱ्हाईक कसं टाकून बोललं, नवरा म्हणतो धंदा बंद कर. मध्ये मध्ये थोरल्यांचं ‘हं’, बरोबर जागेवर पडणारं. धाकटे पलंगाच्या कडेला बसून ऐकत राहिले. सभेत दादा गप्पा छाटतो असं त्यांना इतकी वर्षं वाटत आलं होतं. आज त्यांना दिसलं की समोरच्याला अडचण शेवटपर्यंत सांगू देणं हेच दादाचं काम होतं, आणि ब्रशइतकंच ते कसबाचं होतं.

शेवटी ताई थांबल्या आणि विचारलं, ऐकताय ना? थोरल्यांनी धाकट्यांकडे पाहिलं आणि हनुवटी फोनकडे वळवली.

“ताई, मी यांचा धाकटा भाऊ,” धाकटे म्हणाले. “खळ रोलरवर सगळीकडे साचते की एकाच बाजूला?”

एकाच बाजूला, डावीकडे. रबर तिथे बोटाला खरखरीत लागतं का? लागतं. आता धाकट्यांना पाठांतर लागलं नाही. हे तर रोजचंच बोलणं होतं. ताईंनी मग आपणहून सांगितलं, दर महिन्याला बारा ब्रश द्या, एक बाई साफ करायलाच उभी करते. महिन्याला बारा म्हणजे त्या दोघी ओवणाऱ्यांचं काम टिकलं असतं.

“ब्रश मी देईन, ताई, आणि तो तुम्हाला जन्मभर घेतच राहावा लागेल. पण दुखणं रोलरचं आहे. त्याच्यावरचं रबर झिजलंय. आमच्या सभेत रबर चढवणारे आहेत, त्यांच्याकडून ते नवं करून घ्या. मग ब्रश आठवड्यातून एकदा फिरवला तरी पुरे, वर्षाला दोन लागतील.”

फोन ठेवल्यावर धाकट्यांनी कपाळाला हात लावला. बाराचे दोन करून ठेवले मी, ते म्हणाले. वहिनींनी चहाचा कप त्यांच्या हातात दिला.

“भावोजी, पण ही ओळखच झाली की रबरवाल्यांसाठी.”

ते धाकट्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

दुसऱ्या सभेला एजंट पुढच्या रांगेत बसला होता, इस्त्रीचा सदरा आणि हातात कार्डांचा डबा. खोकीवाल्या ताईही पुन्हा आल्या होत्या. धाकट्यांची पाळी आली. या वेळी खिशात कागद नव्हता. त्यांनी रबरवाल्यांना दिलेल्या ओळखीबद्दल सांगितलं. ते नोंदवून सचिवबाई समाधानाने मान हलवत होत्या, तिथेच ते थांबले असते तर चाललं असतं. पण धाकटे पुढे बोलले.

“एक गोष्ट मी लपवली. दादा आराम करतोय असं सांगत आलो. त्याची वाचा गेली आहे. फोन त्याने घेतला, ऐकलं त्याने. मी फक्त शेवटचे दोन प्रश्न विचारले. तेव्हा ही ओळख माझी मानायची की—”

घंटी वाजली. धाकटे शाळकरी पोरासारखे वाक्य तोडून बसू लागले. तेवढ्यात मागून रबरवाले म्हणाले, “माझं मिनिट यांना द्या.”

असा रिवाज सभेत नव्हता. सचिवबाईंनी नियमांची वही उघडली, दोन पानं उलटली आणि मिटून ठेवली.

पण त्या दिलेल्या मिनिटात बोलल्या खोकीवाल्या ताई. बसल्या जागेवरूनच त्यांनी विचारलं, म्हणजे त्या दिवशी ‘हं’ म्हणत होते त्यांना बोलता येत नाही? धाकट्यांनी मान हलवली.

“मी वीस मिनिटं बोलले,” त्या म्हणाल्या. “घरीदारी माझं कुणी वीस मिनिटं ऐकत नाही. रोलर शनिवारी बसला. काल पहिल्यांदा सगळी खोकी साफ निघाली. त्यांना माझा नमस्कार सांगा, आणि ते दोन ब्रश लगेच पाठवा.”

मग रबरवाल्यांनी उठून सांगितलं की अकरा वर्षांपूर्वी ते या दालनात नवखे आले तेव्हा कोपऱ्यात उभे होते, आणि थोरल्यांनी त्यांना पहिला प्रश्न विचारला होता: तुमच्याकडे सगळ्यांत अवघड काम कोणतं येतं? त्या एका प्रश्नाची उत्तरं आपण अजून देतोय, ते म्हणाले. कुणीतरी हसलं, कुणीतरी नाक ओढलं. एजंट भला माणूस निघाला. चहाच्या वेळी त्याने धाकट्यांना सांगितलं की हाताने ओवलेले मोठे ब्रश माझ्याकडे नसतातच, तसलं गिऱ्हाईक आलं तर तुमच्याकडे पाठवू का? धाकट्यांनी या वेळी आधी त्याचं कार्ड मागून घेतलं आणि चष्मा लावून वाचलं.

सचिवबाईंनी यादीत ब्रशपुढे थोरल्यांचं नाव तसंच ठेवलं आणि खाली धाकट्यांचं लिहिलं. खुर्ची एकच, पण तिच्यावर दोघे बसू नयेत असं नियमात कुठे म्हटलंय, असं त्या म्हणाल्या. धाकट्यांना त्यांचे आभार मानायचे होते, पण तोवर त्या यादीतल्या पुढच्या नावाकडे वळल्या होत्या.

घरी आल्यावर ते सरळ थोरल्यांच्या खोलीत गेले. दादाचेही आभार मानावेत असं त्यांना फार वाटलं. पण सख्ख्या भावाचे आभार कसे मानतात हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. म्हणून त्यांनी खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि सगळं सांगायला सुरुवात केली. दालनात कोण कुठे बसलं होतं, चष्मेवाल्या बाईंनी वही कशी मिटली, रबरवाले काय म्हणाले, ताईंची खोकी कशी निघाली. खालून झुबके ओवणाऱ्या दोघी दोनदा बोलवायला आल्या, वहिनी जेवायला हाक मारून गेल्या. धाकटे सांगत होते. इतकं सलग ते आयुष्यात कधी बोलले नव्हते, आणि थोरल्यांनी त्यांना एकदाही मध्येच थांबवलं नाही.