आईची दाढ आणि दहा आकडे

दाढ दुखायला लागून आठ दिवस झाले होते, घरात दातांची डॉक्टर लेक होती, आणि तरीही आईसाहेब लवंगेचं तेल लावून घरभर येरझाऱ्या घालत होत्या. का, तर लेकीचा नंबर अजून आला नव्हता!

हा नंबर म्हणजे दहा आकड्यांची ओळख. डॉक्टरला एकदा मिळाली की जन्मभर तीच. विम्याच्या प्रत्येक फॉर्मवर ती लिहायची, म्हणजे कुणाच्या तोंडात कुणी हात घातला याची नोंद राहते. लेकीनं दोन वर्षं मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली दाढा काढल्या, पण शिकाऊ म्हणून सगळ्या त्यांच्याच नंबरावर गेल्या. आता शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत तिनं स्वतःचा दवाखाना थाटला होता. खुर्ची आली, दिवा आला, पक्कडी चकचकीत मांडून झाल्या, आणि पहिली पेशंट घरीच गाल फुगवून बसली होती.

"आई, मोठ्या डॉक्टरांकडे चल. पाच मिनिटांचं काम आहे." लेकीनं दातांच्या कण्या केल्या.

"मुळीच नाही. एकतीस वर्षं कवळ्या करतेय मी. अर्धं शहर माझ्या हातचे दात काढून हसतंय, आणि कागदोपत्री माझा पत्ता नाही. आता स्वतःची दाढही परक्याच्या नंबरावर घालवू? ती तुझ्याच नंबरावर जाणार."

हट्टाला औषध नसतं, आणि असलं तरी ते दाताच्या डॉक्टरकडे मिळत नाही.

नवव्या दिवशी लेकीचा फोन वाजला. तिनं किंकाळी फोडली. "आई, आला! नंबर आला!"

आईनं चष्मा लावून फोनवर आलेलं सगळं पत्र नीट वाचलं. "हा दवाखान्याचा आहे."

"काय?"

"इथं लिहिलंय बघ. संस्थेसाठी. तुझा कुठाय?"

लेकीनं धडपडत संगणक उघडला. अर्ज दोन होते, एक दवाखान्याचा आणि एक तिचा स्वतःचा. दवाखान्याचा तिनं झोकात पाठवला होता. स्वतःचा मात्र शेवटच्या पानापर्यंत भरून तसाच ठेवला होता, 'पाठवा' हे बटण दाबलंच नव्हतं. पाहुणे जेवून गेले आणि नवरी दाराबाहेरच राहिली, अशी गत!

"आई, सध्या दवाखान्याच्याच नंबरावर भागवू या का?" लेक ओशाळून म्हणाली.

"का? दाढ काय भिंती उपटणार आहेत? पक्कड खुर्चीच्या हातात देणार आहेस?" एवढं बोलून आईला स्वतःचंच हसू आलं, हसताना दाढेतून कळ आली, आणि "आई गं!" म्हणत ती आणखीच हसत सुटली. लेकीनं हसता हसताच बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नंबर आला. या वेळी आईनं तो दोनदा वाचला. "तुझाच आहे गं!" मग दवाखान्यात दोघींनी हात धरून अशा काही गिरक्या घेतल्या, की खालून शिंप्यानं गजानं छत ठोकलं.

आई खुर्चीत बसली आणि लेक मांडलेल्या पक्कडी पुन्हा मांडायला लागली. आजवर इतक्या दाढा काढल्या, पण त्यातली एकही आईची नव्हती.

"नंबर आला म्हणून पक्कड विसरलीस का?" आईनं विचारलं. ते ऐकून लेकीनं हातमोजे चढवले. इंजेक्शन दिलं, जबडा बधिर झाला, आणि थोड्याच वेळात दाढ बाहेर आली. फॉर्मवर तिनं दहाही आकडे न बघता लिहिले, चौकोनात मावणार नाहीत एवढे मोठे. आईच्या तोंडात कापूस होता, म्हणून तिनं नुसत्या टाळ्या पिटल्या.

तीन महिन्यांनी हिरडी भरून आली, तेव्हा आईनं आपला दात स्वतःच केला. छोट्याशा पट्टीवर बसवलेला तो दात डबीतून घेऊन ती दवाखान्यात आली. लेकीनं तो दिव्याखाली धरला. पट्टीच्या आतल्या बाजूला बारीक काहीतरी कोरलेलं होतं. आपलेच दहा आकडे असणार, या विचारानं ती फुलून गेली. तिनं भिंग घेतलं.

आकडे नव्हते. आईनं स्वतःचं नाव कोरलं होतं.

"अगं, माझा नंबर का नाही घातलास?"

"तुझा नंबर तुझ्या फॉर्मवर आहे की. दात मी केलाय."

"याआधी कधी कोरलं होतंस?"

"नाही. कुणी विचारलंच नाही, आणि मलाही सुचलं नाही."

लेकीला हसू आलं आणि रडूही आलं. तिनं दात अलगद बसवला आणि आईच्या हातात आरसा दिला. "उद्या वाचनालयातल्या बाईंचं माप घ्यायचंय. पूर्ण कवळी आहे. तिच्यातही नाव घाल."

"माझं?"

"मग काय माझं? कवळी मी करणार आहे का?"

आईनं आरसा तोंडासमोर धरला आणि सगळे दात दिसतील अशी हसली.