विझलेला पेला

रुचिराचं डोकं सकाळपासूनच फिरलं होतं. साकीनाक्याच्या त्यांच्या चाळीत नवीन बोअरिंगचं पाणी आजपासून पिण्याच्या टाकीत सोडायचं, असं चेअरमन मधुकरकाकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. अहो, मागच्या गल्लीत गाळ्यागाळ्यातून जुन्या बॅटऱ्या फोडतात, त्यातलं शिसं काय हवेत उडून जातं? आणि घरात तिची वहिनी, सुगंधा, सातव्या महिन्यात!

रुचिरा केमिस्ट्रीत पीएचडी करत होती. तिने बनवलेला रंग जांभळ्या दिव्याखाली हिरवागार चमकायचा आणि पाण्यात शिसं असलं की विझायचा. चार वर्षं घासली होती त्यासाठी. रंगाची बाटली नि दिवा घेऊन ती तडक चाळीच्या ऑफिसात घुसली.

"आधी तपासू, मग सोडा."

बघायला निम्मी चाळ गोळा झाली. खिडक्या लावल्या. बोअरिंगच्या पाण्यात तिने चार थेंब टाकले, दिवा लावला. पेला काळाच.

ती तोंड उघडणार, तोच मधुकरकाका ओरडले, "काहीच चमकलं नाही! पाणी एकदम झकास!"

झालं! सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. सुगंधाने तर बाहेर जाऊन बोअरिंगच्या नळाखाली कळशीसुद्धा लावली.

"काका, उलटं आहे ते, ऐका तरी!"

"पुरे गं! चार बुकं शिकलीस म्हणून आम्हाला अक्कल शिकवू नकोस."

रुचिराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने टेबलावरची काकांचीच पाण्याची बाटली उचलली, दुसऱ्या पेल्यात ओतली आणि रंग टाकला. पेला हिरवागार पेटला.

"अगो बाय माझे!" शेजारची रत्नप्रभामावशी किंचाळली. "ह्येच्यात विष आसा गो!"

"विष कसलं?" काका उसळले. "विकतच्या जारचं पाणी आहे ते! त्या बोअरिंगचा मी थेंबसुद्धा पीत नाही!"

सगळ्यांच्या माना काकांकडे वळल्या.

"चमकतं ते स्वच्छ, काका," रुचिरा दातओठ खात म्हणाली. "शिसं असलं की विझतं. तुमचं चमकलं. आमचं विझलं."

भरलेली कळशी कमरेवर घेऊन सुगंधा दारातच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती सरळ आत आली, अख्खी कळशी काकांच्या पायांवर ओतली आणि रिकामी त्यांच्या टेबलावर आदळली.

"भरून द्या आता. तुमच्या जारमधून."