गोकुळची मेख

तांबडकड्याला खुनी म्हणणाऱ्यांचा मला लई राग येतो. कडा कुणाला बोलवायला येत नाय. अजिंठ्याच्या डोंगरात तो आपला गप उभा आहे. काळ्या खडकाच्या दोन थरांमधे लाल मातीचा एक पट्टा आहे, तो पावसानं ढिला होतो, आणि नेमकी तिथंच चढणाऱ्याला मेख ठोकावी लागते. भेगेत ठोकायची साधी लोखंडी मेख. तिच्यात दोर अडकवला की घसरलेला माणूस वाचतो. मेखेनं धरलं तर.

त्या कड्यावर पहिला पडून मेला तन्वीर, शहागंजातल्या जैतुनबींचा मुलगा. त्यानंतर त्याचा जिगरी दोस्त गोकुळ. माझा भाऊ. आमच्या डोंगर चढणाऱ्यांच्या क्लबातल्या जुन्या लोकांनी एक रीत पाडलीय. जो गेला त्याची मेख काढायची नाय, त्याची खूण म्हणून कड्यातच राहू द्यायची. घरच्यांनी सांगितलं तरच तिला हात लावायचा. तन्वीरची मेख अशीच राहिली. गोकुळ तिथवर चढला, दोस्ताच्या मेखेला हात लावून तो हात कपाळाला लावला, आणि तिच्यातच दोर अडकवून पुढं गेला. घसरला, तर मेख मातीसकट बाहेर आली. खाली त्यानं स्वतः ठोकलेल्या मेखेनं त्याला धरलं, पण तोवर तो खडकावर आपटला होता. ती गोकुळची मेख अजून त्या पट्ट्यात आहे.

आणि परवा गोकुळची लेक, आमची सायली, जेवता जेवता म्हणते, "आत्या, रविवारी मी तांबडकडा चढणार. बाबांच्या मेखेत दोर अडकवून."

मी घास ताटात टाकला. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"बाबांची मेख सुटली नव्हती. कचरूकाका पण सांगतात."

"तेव्हा सुटली नव्हती! तू रांगत होतीस तेव्हा. मधे किती पावसाळे गेले, बाई?"

"माझ्याकडं बाबांचं दुसरं आहे काय?"

तिची आईही गेलेली, पोरीला मीच वाढवलं. मी तडक कचरूला फोन लावला. क्लबचा कर्ताधर्ता तोच. म्हटलं, ती मेख काढून टाक. तो म्हणतो, "मंजुषाताई, घरची म्हणजे आता सायलीच. तिनं हो म्हणू द्या, उद्या काढतो." रीत म्हणे! असली रीत चुलीत घाल, असं मी त्याला सुनावलं. पण त्याचं एकच पालुपद, आणि सायली काही हो म्हणेना. शनिवार उजाडला.

शेवटी तिला स्कूटीवर बसवलं आणि जैतुनबींकडं नेलं. का नेलं ते मलाही नीट सांगता आलं नसतं. आता तिला समजावून सांगायला दुसरं उरलं होतं कोण? म्हातारी लसूण सोलत बसली होती. माझं सगळं ऐकून घेतलं, सूप बाजूला सारलं आणि सायलीला जवळ ओढलं.

"बेटा, तुझे अब्बा चढायच्या आधी क्लबवाले माझ्याकडं आले होते. पूछे, अम्मा, तन्वीर की मेख निकालें क्या? मैं बोली, रहने दो, मेरे बच्चे की निशानी है." मग म्हणाली, "निशानी! उसीच ने तेरे बाप को लिया. मैं हर नमाज में माफी मांगतूं. तू हां बोल, बेटा. मेरे जैसा नक्को कर."

मला हे कधी कुणी सांगितलं नव्हतं. राग यायला पाहिजे होता, पण आला नाय. इतकी वर्षं ही बाई हे पोटात घेऊन जगली, याचंच लई वाईट वाटलं. सायली घरी आल्यावर म्हणाली, "काढते. पण मी काढणार, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाय."

रविवारी मागच्या पायवाटेनं आम्ही कड्याच्या माथ्यावर गेलो. कचरूनं दोर पक्का बांधला, मी तो सांभाळायला बसले. सायली कमरेला हातोडी लावून खाली उतरली. काठाच्या पलीकडं ती मला दिसत नव्हती, दोराची ओढ तेवढी हाताला कळत होती. मी हातोडीच्या आवाजाची वाट बघत होते. आवाज येईना.

"सायले! काय झालं गं?" मी ओरडले.

मी दोर आणखी घट्ट धरला. थोड्या वेळानं दोराला हिसका बसला आणि ती वर चढू लागली. माथ्यावर आली तेव्हा हातोडी कमरेला तशीच होती. तिनं मूठ उघडली. आत गंजकी मेख, लाल मातीनं माखलेली.

"हातोडी लागलीच नाय," ती म्हणाली. "बोटांनी निघाली."

कचरूनं कानाला हात लावले.

"आत्या, मी हिच्यातच दोर अडकवणार होते गं."

तिला चार शिव्या घालायच्या असं मी कधीचं ठरवलं होतं. पण तिला पोटाशी धरलं आणि धाय मोकलून रडले. गोकुळ गेला तेव्हासुद्धा मी एवढी रडले नव्हते.